ऑनलाइन पुस्तक महोत्सव भरवायचाय, तोही फुकट? मग हे आधी वाचा

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये रोज संध्याकाळी कुणी ना कुणी फेसबुकवर लाइव्ह असायचं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं बघवायचं नाही. आता प्रत्यक्ष महोत्सव परत जोरात सुरू झालेत, पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३ च्या डिसेंबरपासून केवढा मोठा पुस्तक महोत्सव भरतो, मग ऑनलाइन कशाला असं कुणी विचारेल. तर गडचिरोलीतली शिक्षिका, सावंतवाडीचे रिटायर्ड काका आणि दुबईत नोकरी करणारा मुलगा, हे तिघं फर्ग्युसनला एका संध्याकाळी येणार नाहीत. यूट्यूबवर येतील.

एक आधीच क्लिअर करते. फुकट म्हणजे बघणाऱ्याला फुकट. लेखकाला फुकट बोलवायचं नाही. आणि सगळ्यात जास्त मेहनत कशावर घ्यायची तर कॅमेऱ्यावर किंवा झूम अ‍ॅपवर नाही, मुलाखत घेणाऱ्यावर. बाकी सगळं शिकता येतं, न वाचलेलं पुस्तक मात्र स्टेजवर लपत नाही.

किती मोठा आणि कधी

पहिल्या वेळी दोन दिवस आणि पाच सत्रं, बास. शनिवारी दोन, रविवारी तीन. लोक उत्साहात आठवडाभराचा महोत्सव जाहीर करतात आणि बुधवारपर्यंत आयोजकच बघायचे थांबलेले असतात. एक सत्र तासाचं, त्यातली चाळीस-पंचेचाळीस मिनिटं गप्पा आणि उरलेला वेळ प्रश्नांना.

तारीख म्हटली की सगळ्यांच्या डोक्यात २७ फेब्रुवारी येते, मराठी भाषा गौरव दिन. पण त्या दिवशी प्रत्येक शाळा, कॉलेज, बँक, मंडळ काहीतरी करत असतं, चांगले लेखक कधीच बुक झालेले असतात, आणि वर दहावी-बारावीच्या परीक्षा चालू, म्हणजे अर्ध्या घरांत टीव्हीसुद्धा बंद. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन त्यामानाने मोकळा असतो, शाळांना जोडून घ्यायचं असेल तर तो बरा. माझी स्वतःची आवड विचाराल तर दिवाळीनंतरचा दुसरा किंवा तिसरा वीकेंड. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे दिवाळी म्हणजे वाचायचे दिवस, लोकांच्या हातात अंक असतात, त्यातल्याच एखाद्या लेखकाला बोलवलं तर प्रेक्षकांनी आधी काहीतरी वाचलेलं असतं. फक्त त्या दिवशी भारताची मॅच नाही ना ते बघा. हसू नका, खरंच बघा.

वेळ ठरवताना परदेशातले मराठी लोक हवे असतील तर हा हिशोब करा: आपल्याकडे संध्याकाळचे ७.३० म्हणजे दुबईत ६, लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचे २, न्यूयॉर्कला सकाळचे ९, कॅलिफोर्नियात सकाळचे ६. सिंगापूरला रात्रीचे १० होतात, चालतंय. ऑस्ट्रेलियावाल्यांना मात्र आपली संध्याकाळ म्हणजे मध्यरात्र, त्यांच्यासाठी रविवारी सकाळी ११ चं सत्र ठेवा, सिडनीत तेव्हा दुपारचे साडेचार असतात. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आणि इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्यामुळे दिवाळी लवकर आली असेल तर तासाचा फरक पडतो. पोस्टरवर "भारतीय वेळ" हे शब्द लिहाच.

माणसं आणि पैसे

चार माणसं लागतात. एक लेखकांशी बोलणारं, एक टेक्निकल बघणारं, एक पोस्टर-व्हॉट्सअ‍ॅप सांभाळणारं आणि एक हिशोब ठेवणारं, जे कार्यक्रमाच्या वेळी चॅटमधले प्रश्नही गोळा करेल. पंधरा जणांची समिती करू नका. पंधरा जणांच्या समितीत काम शेवटी तीनच जण करतात आणि उरलेले बारा पोस्टरचा रंग बदलायला सांगतात.

पैशाचं म्हणाल तर लेखकाला ३,००० आणि मुलाखत घेणाऱ्याला १,५०० असं धरलं तर पाच सत्रांचे २२,५०० झाले. त्यात एका महिन्याचा झूमचा पेड प्लॅन आणि पोस्टर करणाऱ्या मुलीचे पैसे घाला, (हो, तिलाही द्या, "भाचीच आहे, करेल" हे बंद करा). पंचवीस-तीस जणांनी हजार-हजार काढले की विषय संपतो. हजार नको असतील तर पाचशे, पण यूपीआयवर आलेला प्रत्येक रुपया आणि गेलेला प्रत्येक रुपया ग्रुपवर टाका, पुढच्या वर्षी मागताना तोंड वर करून मागता येतं.

प्रकाशकांकडून रोख मागण्यापेक्षा पुस्तकं मागा. प्रत्येक सत्राला दोन प्रती, चांगला प्रश्न विचारणाऱ्याला भेट. पण "आमच्या लेखकाला एक सत्र द्या, मग देतो" असं आलं तर गोड शब्दांत नाही म्हणायचं. एकदा सत्र विकलं की पुढे काय निवडलं आणि काय विकलं हे कुणालाच कळत नाही.

कुणाला बोलवायचं

इथे ऑनलाइनचा खरा फायदा आहे आणि नेमका तोच लोक वापरत नाहीत. पुण्या-मुंबईच्या हॉलमध्ये जी नावं नेहमी दिसतात तीच परत झूमवर बसवली तर काय मिळवलं? प्रवासखर्च नाही, हॉटेल नाही, मग चंद्रपूर, नंदुरबार, बेळगाव, पेडणे इथून बोलवा ना. पाच सत्रांत एक मोठं नाव पुरे, ते लोकांना खेचून आणतं. बाकी एक पहिलंच पुस्तक आलेला लेखक, एक अनुवादक, एक मुलांसाठी लिहिणारी लेखिका, आणि एक सत्र पुस्तकामागच्या माणसांचं: संपादक, मुखपृष्ठ करणारा चित्रकार, नाहीतर दिवाळी अंकाचे संपादक. हे शेवटचं सत्र लोकांना भयंकर आवडतं कारण कव्हर कसं ठरतं, लेख परत का जातो हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडीत लिहिणारे असतील तर त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या, शंभर टक्के नाही कळलं तरी चालतं.

संपर्क किमान दोन महिने आधी करा. आधी मेसेज, मग फोन. थेट फोन करून "सर, तुम्ही यायचंच" असा प्रेमळ हल्ला करू नका. मेसेज साधारण असा:

"नमस्कार मॅडम, मी ___ वाचक गटातर्फे लिहिते आहे. ___ या शनिवारी-रविवारी आम्ही एक छोटा ऑनलाइन पुस्तक महोत्सव करतोय, प्रेक्षकांना प्रवेश मोफत आहे. तुमच्या ___ या पुस्तकावर एक तासाच्या गप्पा ठेवायची इच्छा आहे. मुलाखत ___ घेतील, त्यांनी पुस्तक वाचलेलं आहे. वेळ रविवार संध्याकाळी ७.३० (भारतीय वेळ). मानधन ३,००० रुपये, कार्यक्रमानंतर आठ दिवसांत. कार्यक्रम यूट्यूबवर लाइव्ह जाईल आणि रेकॉर्डिंग तिथे ठेवायला तुमची परवानगी हवी आहे, नको असेल तर काढून टाकू. चालेल का ते सवडीने कळवा, मग फोन करते."

बघा, यात मानधन, वेळ, रेकॉर्डिंग सगळं आलं. मानधनाचा आकडा लेखकाला विचारायला लावणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. होकार आला की तो लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचा "हो चालेल" पण पुरतो.

मुलाखत, इथे जीव ओता

मुलाखत घेणारा माणूस प्रसिद्ध असायची गरज नाही, त्याने पुस्तक दोनदा वाचलेलं असायची गरज आहे. एकदा वाचक म्हणून आणि एकदा पेन्सिल घेऊन. आपल्याकडे काय होतं, छान आवाजाचा निवेदक बोलावतात, तो ब्लर्ब (पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचा मजकूर) वाचून येतो आणि मग सुरू होतं, "तुमच्या लेखनामागची प्रेरणा काय?", "लिहायला कधी सुरुवात केली?", "नवोदितांना काय संदेश द्याल?" लेखकाने ही उत्तरं इतक्या वेळा दिलेली असतात की तो झोपेत पण देईल, आणि बघणारा खरंच झोपतो.

प्रश्न पुस्तकाच्या आतून काढा. आई अख्ख्या कादंबरीत एकदाही नावाने येत नाही, हे ठरवून केलं का? तिसऱ्या प्रकरणानंतर निवेदक बदलतो, आधीच्या खर्ड्यात पण तसंच होतं का? ही कथा अंकात आली तेव्हा शेवट वेगळा होता, पुस्तकात का बदलला? अनुवादक असेल तर एक परिच्छेद घ्या आणि त्यातला कुठला शब्द सगळ्यात जास्त नडला ते विचारा. अशा प्रश्नाला तयार उत्तर नसतं, माणूस थांबतो, विचार करतो, मग जे बोलतो ते ऐकण्यासारखं असतं. त्या थांबण्याच्या वेळी मुलाखत घेणाऱ्याने मधे तोंड घालायचं नाही, ऑनलाइन शांतता दुप्पट लांब वाटते पण वाटू दे.

दहा-बारा प्रश्न लिहून ठेवा, विचारून होतील सहा-सात. ते प्रश्न लेखकाला जसेच्या तसे पाठवू नका, विषय पाठवा, नाहीतर लोक उत्तरं लिहून आणतात आणि वाचतात, आणि स्क्रीनवर डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात. त्याऐवजी आठवडाभर आधी दोघांचा वीस मिनिटांचा फोन ठेवा. त्यात तीन गोष्टी ठरवायच्या: कुठल्या विषयावर बोलायचं नाही, कुठला उतारा वाचायचा (तीन मिनिटं, जास्त नाही, आणि तो पहिल्या पंधरा मिनिटांत, म्हणजे पुस्तक न वाचलेल्यांनाही धागा मिळतो), आणि एकमेकांना काय म्हणायचं. लेखिका वयाने मोठ्या असतील आणि मुलाखत घेणारी त्यांना घरी "ताई" म्हणत असेल तर इथेही ताईच म्हणू दे, उगाच "आदरणीय" कशाला.

आणि कृपा करून दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, अध्यक्षीय समारोप, आभारप्रदर्शन हे सगळं कापा. हॉलमध्ये माणूस लाजेपोटी बसून राहतो, फोनवर एक अंगठा सरकवला की तो गेला. परिचय एक मिनिट, मग थेट पहिला प्रश्न. आभार शेवटी दोन वाक्यांत.

टेक्निकल

फुकट झूमवर मीटिंग ४० मिनिटांत बंद होते, म्हणजे तासाच्या सत्राला उपयोग नाही. फुकट गुगल मीट तिघं किंवा त्याहून जास्त माणसं असली की ६० मिनिटांची मर्यादा लावतं आणि १०० जणांपर्यंत घेतं, पण रेकॉर्डिंग त्यात मिळत नाही. सरळ उपाय म्हणजे झूमचा पेड प्लॅन एक महिन्यासाठी घ्यायचा आणि त्यातून यूट्यूबवर लाइव्ह जायचं. एकही पैसा घालायचा नसेल तर ओबीएस स्टुडिओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून मीटची विंडो पकडून यूट्यूबवर सोडता येते, मात्र बरा लॅपटॉप आणि आधी हात बसलेला माणूस पाहिजे.

यूट्यूब चॅनल नवीन असेल तर लाइव्ह चालू करण्यासाठी फोन नंबर व्हेरिफाय करावा लागतो आणि पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. हे काम कार्यक्रमाच्या सकाळी करायचं नाही. मोबाइलच्या अ‍ॅपवरून लाइव्ह जायचं तर निदान ५० सबस्क्रायबर लागतात, कॉम्प्युटरवरून ती अट नाही. प्रत्येक सत्र आधीच शेड्यूल करून ठेवा, लिंक आगाऊ मिळते आणि तीच पोस्टरखाली टाकता येते.

झूमच्या खोलीत फक्त लेखक, मुलाखत घेणारे आणि तुम्ही, प्रेक्षक सगळे यूट्यूबवर. झूमची लिंक कुठल्याही ग्रुपवर टाकली की कोणीतरी घुसून घाण करतो, त्यामुळे वेटिंग रूम (तुम्ही आत घेईपर्यंत माणसाला बाहेर थांबवणारी सोय) चालू आणि स्क्रीन शेअर फक्त होस्टला. दुसऱ्या घरातून दुसरा माणूस को-होस्ट म्हणून ठेवा, तुमची लाइट गेली तर त्याच्याकडे सूत्रं जातात.

मुलांच्या सत्राबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. यूट्यूबवर व्हिडिओ "मुलांसाठी बनवलेला" असा मार्क केला की लाइव्ह चॅट आणि कमेंट बंद होतात. म्हणजे मुलांचे प्रश्न येणार कुठून? आधीच पालकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात मागवून घ्या. मुलाच्याच आवाजात "तुम्ही त्या कुत्र्याला शेवटी का मारलं?" असा प्रश्न वाजला की लेखिकेची जी अवस्था होते ती बघण्यासारखी असते.

लेखकासोबत दोन दिवस आधी ट्रायल घ्या, त्याच खोलीत, त्याच फोनवर किंवा लॅपटॉपवर, त्याच वेळेला, कारण संध्याकाळी साडेसातला खालच्या मजल्यावर काय चालू असतं हे सकाळी कळत नाही. वायरवाला इअरफोन सगळ्यात भरवशाचा. तोंड उजेडाकडे, पाठ नाही. फॅन कमी, कुकर बंद. फोन असेल तर आडवा आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवून डोळ्यांच्या उंचीला. वाय-फायच्या जोडीला मोबाइल डेटा तयार ठेवा, आणि राउटरला छोटा यूपीएस असेल तर उत्तम, कारण लाइट गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो पण नेट जातं. अगदीच काही जमलं नाही तर लेखकाला साध्या फोनवरून लावा, स्पीकर माइकजवळ धरा आणि स्क्रीनवर त्यांचा फोटो. आवाज नीट असेल तर लोक चित्राशिवाय बसतात, उलटं होत नाही.

हक्कांचं

लेखक स्वतःचं पुस्तक वाचतोय म्हणून सगळं मोकळं असं नसतं, हक्क प्रकाशकाकडे असू शकतात, एक ओळीचा मेल टाकून परवानगी घ्या, कव्हर पोस्टरवर वापरायची पण त्यातच मागा. प्रकाशित पुस्तकातला वाजवी उतारा लोकांसमोर वाचायला आपल्या कायद्यात सूट आहे, पण ते रेकॉर्डिंग कायम नेटवर ठेवायचं म्हटल्यावर विचारलेलं बरं. जुन्या साहित्याचं अभिवाचन करायचं असेल तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. आजच्या कुणी केलेला अनुवाद किंवा नाट्यरूपांतर मात्र वेगळं, त्याचे हक्क त्या माणसाचे. सुरुवातीला सिनेमाचं गाणं वाजवू नका, यूट्यूब ओळखतं आणि व्हिडिओचा आवाज जातो नाहीतर गाण्याच्या मालकाचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येतो. ओळखीतल्या कुणाला तबल्याचा वीस सेकंदांचा तुकडा वाजवून द्यायला सांगा.

लोकांपर्यंत कसं पोचायचं

एक सत्र, एक पोस्टर. पाच जणांचे पाच फोटो एका पोस्टरवर कोंबले की स्टॅम्प साइज होतात. नाव, पुस्तक, वार, तारीख, वेळ, एवढंच मोठ्या अक्षरात. क्यूआर कोड व्हॉट्सअ‍ॅपच्या पोस्टरवर टाकायची फॅशन आहे पण ज्या फोनवर पोस्टर दिसतंय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? खाली लिंक टाका. क्यूआर छापील कागदासाठी, जो वाचनालयाच्या दारावर लावायचा.

वाचनालयांचं खास सांगते. महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्याला शासनमान्य ग्रंथालयं आहेत, त्यांच्याकडे जागा असते, बऱ्याच ठिकाणी टीव्ही असतो. त्यांना म्हणा, रविवारी संध्याकाळी एक सत्र तुमच्या वाचनकक्षात लावा, वीस सभासद एकत्र बघू देत, प्रश्न तुमच्या ग्रंथालयाच्या नावाने घेऊ. एका स्क्रीनमागे वीस माणसं बसतात आणि ज्यांना यूट्यूब लाइव्ह जमत नाही तेही येतात. परदेशात महाराष्ट्र मंडळांना महिनाभर आधी कळवा, त्यांचे वीकेंड आधीच भरलेले असतात.

नोंदणीचा गुगल फॉर्म ठेवायचा तर तीन प्रश्नांचा: नाव, गाव, लेखकाला काय विचारायचंय. जन्मतारीख, व्यवसाय, शिक्षण कशाला हवंय? तिसरा प्रश्न मात्र सोन्याचा, त्यातूनच मुलाखत घेणाऱ्याला कळतं लोकांच्या मनात काय आहे. आठवण आदल्या संध्याकाळी एकदा आणि अर्धा तास आधी एकदा. व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, हे विसरून लोक "कोणालाच मिळालं नाही" म्हणत बसतात. नोंदणी केलेले सगळे येत नाहीत, निम्मे आले तर मी खूश असते.

त्या दिवशी

सत्र ७.३० चं असेल तर ७.०५ ला सगळे झूममध्ये. आवाज, उजेड, इअरफोन बघा, लेखकाला पाणी घेऊन बसायला सांगा, फोन सायलेंट. ७.२५ ला यूट्यूबवर "थोड्याच वेळात" चं चित्र. ७.३० म्हणजे ७.३०, "अजून थोडे लोक येऊ दे" नाही, जे वेळेवर आलेत त्यांना शिक्षा कशाला.

टीमचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यात मुलाखत घेणाऱ्याला मधेमधे वेळ कळवायची, "२० झाली", "प्रश्न घ्या". यूट्यूबवर चित्र काही सेकंद, कधी अर्धा मिनिट उशिरा पोचतं, त्यामुळे "आता प्रश्न विचारा" म्हणून गप्प बसलात तर बराच वेळ काहीच येत नाही आणि सगळे अवघडतात. पंचविसाव्या मिनिटालाच सांगून टाका की प्रश्न लिहायला लागा. चॅटवाल्या माणसाने सारखे प्रश्न एकत्र करायचे, भाषणं गाळायची, आणि विचारणाऱ्याचं पहिलं नाव आणि गाव घेऊन वाचायचं. गावाचं नाव घेतलं की तिथले बाकीचे पण लिहायला लागतात, हे हमखास. पुस्तकाचं नाव, प्रकाशक आणि विकत घ्यायची लिंक, प्रकाशकाची स्वतःची किंवा बुकगंगासारख्या साइटची, चॅटमध्ये तीनदा टाका आणि व्हिडिओच्या खाली पण.

शिव्या किंवा जातीवरून काही आलं तर उत्तर देत बसायचं नाही, काढून टाका, ब्लॉक करा, पुढे चला. लेखकाच्या नजरेला ते पडण्याआधी.

संपल्यावर

मानधन त्याच आठवड्यात. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची "ऐकू येतंय का" कापा आणि व्हिडिओखालच्या वर्णनात कुठल्या मिनिटाला काय आहे त्या वेळा टाका. पहिली वेळ ०:०० पासून असली आणि कमीत कमी तीन असल्या की यूट्यूब आपोआप त्याची प्रकरणं करतं, मग ज्याला फक्त उतारा ऐकायचाय तो थेट तिथे जातो. व्ह्यूजच्या आकड्यावर फार जाऊ नका, यूट्यूब स्टुडिओमध्ये सरासरी माणूस किती मिनिटं थांबला ते दिसतं, आणि आलेख कुठे धपकन खाली आला तेही. तिथे नेमकं काय चाललं होतं ते टीमने एकत्र बसून बघा, बहुतेक वेळा कुणीतरी परिचय वाचत असतं.

वेळ संपल्यामुळे जे प्रश्न राहिले त्यांची यादी, रेकॉर्डिंगच्या लिंकसोबत, लेखकाला पाठवा. उत्तर द्यायची सक्ती नाही असं त्यात लिहा. काही जण सविस्तर उत्तरं लिहून पाठवतात, ती विचारणाऱ्यांची नावं घालून यूट्यूबच्या त्या व्हिडिओखालीच कमेंटमध्ये टाकून पिन करा (मुलांच्या सत्राला कमेंट बंद असतात, तिथे वर्णनात टाका).